दोघींचं बोलणं

माझ्या मुली जुळ्या होत्या. दिसायला इतक्या सारख्या की पहिले काही महिने मी एकीच्या पायात काळा दोरा बांधून ठेवला होता. पण रडणं मात्र दोघींचं वेगळं होतं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असल्या तरी मला कळायचं, कोण रडतंय ते. थोरली, म्हणजे काही मिनिटांनीच थोरली, एकदम वरच्या पट्टीत सुरू करायची आणि श्वास संपेपर्यंत थांबायची नाही. धाकटी आधी थोडं कुरकुरायची, मग गप्प होऊन कानोसा घ्यायची, आणि कुणी आलं नाही तरच रडायची.

आम्ही तेव्हा ऐरोलीत राहायला येऊन दोनेक वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरचा वन रूम किचन, आजूबाजूला अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारती, आणि वारा फिरला की कारखान्यांकडून येणारा उग्र वास. नवरा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्टमध्ये कामाला. मी बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क. मुलींना सांभाळायला सासूबाई कोकणातून येऊन राहिल्या होत्या. त्या रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळायच्या आणि मधात कालवून दोघींच्या जिभेला लावायच्या.

"वाणी स्वच्छ होते," त्या म्हणायच्या. "ह्यांच्या बापाला पण असंच लावलं होतं मी."

तीन-चार महिन्यांच्या झाल्यावर दोघी हुंकार द्यायला लागल्या. इतर बाळं आईकडे बघून हुंकार देतात. आमच्या दोघी एकमेकींकडे बघून द्यायच्या. एका चादरीवर शेजारी निजवलं की थोरली "अंगूऽ" म्हणायची आणि थांबायची. मग धाकटी तेच म्हणायची, जरा वेगळ्या सुरात. मग पुन्हा पहिली. मध्ये कुणी कुणाला तोडायचं नाही. मी वाकून मध्ये बोलले तर दोघी माझ्याकडे बघायच्या, हसायच्या, आणि परत आपलं चालू करायच्या. मला त्याचं कौतुक वाटायचं. ऑफिसात डबा खाताना मी बायकांना सांगायचे की आमच्या मुली एकमेकींना खेळवतात, मला काही करावंच लागत नाही.

पुढे बाबाबा, दादादा सुरू झालं. एकीला "ब" सापडला की दुसऱ्या दिवशी दुसरीकडे तो असायचाच. ओठांनी बुडबुडे काढायचे, जीभ टाळूला लावून टकटक करायचं, हे एक करायची आणि दुसरी तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची. तोंडात बोट घालूनही बघायची, आवाज कुठून येतो ते.

वर्षाच्या झाल्या, चालायला लागल्या, तरी आई नाही, बाबा नाही. शेजारच्या फ्लॅटमधली त्यांच्याच वयाची मुलगी पंख्याला "पंका" म्हणायला लागली होती. आमच्या दोघी बोलत नव्हत्या असं मात्र नाही. दिवसभर बोलायच्या. फक्त ते आम्हाला कळत नव्हतं. पाण्याला त्या "बुम्मा" म्हणायच्या, हे मला कळलं, कारण माठाजवळ उभं राहून म्हणायच्या. "गाप्पे" म्हणजे लाइट गेली. "उयी" म्हणजे माझं आहे, हात लावू नको. आणि एकमेकींना त्या दोघीही "अब्बी" म्हणायच्या. स्वतःलाही अब्बीच म्हणायच्या. मी आरशासमोर नेऊन विचारायचे, "ही कोण?" आणि दोघी ओरडायच्या, "अब्बी!"

बाकीचं काहीच कळायचं नाही. लांबलचक वाक्यं असायची. त्यात प्रश्न असायचे, कारण आवाज शेवटी वर जायचा. भांडणं असायची. कधी एकजण काहीतरी बोलायची आणि दुसरी खदखदून हसायची, इतकी की उचकी लागायची.

सासूबाईंना ते आवडायचं नाही. "अगो, ह्या दोघी काय बोलतात ते देवालाच ठाऊक," त्या म्हणायच्या. "दोघींना वेगळं ठेवा. एकीला गावी नेते मी चार महिने. नीट बोलायला लागतील."

नवरा ऐकायचा नाही. त्याला त्या बोलण्याची गंमत वाटायची. ड्यूटीवरून आला की चहाचा कप घेऊन तो त्यांच्याजवळ जमिनीवर बसायचा आणि त्यांचे शब्द म्हणायचा प्रयत्न करायचा. ते चुकले की दोघी एकमेकींकडे बघायच्या. एकदा त्याने टू-इन-वनमध्ये कोरी कॅसेट घातली आणि दोघी बाहुलीशी खेळत असताना गुपचूप बटण दाबून ठेवलं. अख्खी एक बाजू भरली.

"मोठ्या झाल्या की ऐकवू," तो म्हणाला. "लाजून पळतील."

मी एकदा वाशीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, जुळ्यांमध्ये असं होतं, त्यांना एकमेकींचं पुरतं म्हणून आपल्या भाषेची घाई नसते. शाळेत जायच्या आत सुटेल. दोघींचे कान उत्तम आहेत. मी निर्धास्त झाले.

दुसरा वाढदिवस झाला त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आमच्या सेक्टरमध्ये मलेरियाची साथ होती. सगळीकडे बांधकामं, आणि बांधकामांच्या टाक्यांत साचलेलं पाणी. आधी वॉचमन पडला, मग तळमजल्यावरचे दोघं. मग थोरलीला ताप आला. पहिल्या दिवशी ताप गोळीने उतरला, ती उठून खेळलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासायला दिलं. दुपारी तिचे डोळे फिरले आणि हातपाय ताठ झाले. नवऱ्याने तिला उचललं, रिक्षा केली, मी मागे तिचे पाय धरून बसले. धाकटीला सासूबाईंनी कडेवर घेतलं होतं. रिक्षा वळेपर्यंत ती "अब्बी, अब्बी" ओरडत होती आणि थोरली पहिल्यांदाच तिला उत्तर देत नव्हती.

हॉस्पिटलमध्ये सांगितलं, मलेरिया मेंदूत गेलाय. त्यांनी औषधं लगेच सुरू केली, हातात होतं ते सगळं केलं. मी तिच्या उशाशी बसून होते. ती शुद्धीवर येते का हे बघायला नर्स मला म्हणायची, "बोला तिच्याशी, हाक मारा." मी तिला नावाने हाक मारली, सोन्या म्हटलं, बाळा म्हटलं. मग मला सुचलं आणि मी तिच्या कानाशी "अब्बी" म्हटलं. तिच्या पापण्या हलल्यासारखं मला वाटलं. नर्सला दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

एवढ्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत. नवरा आणि माझा दीर तिला घेऊन गेले. नवऱ्याने तिला शेवटपर्यंत स्वतःच्या हातांवर नेलं, दिराकडे दिलं नाही, असं दीर मला नंतर म्हणाला. नवरा त्याबद्दल कधी काही बोलला नाही.

धाकटीला कुणी काही सांगितलं नाही. दोन वर्षांच्या मुलीला काय सांगणार? आम्ही घरी आलो तेव्हा ती दारात आली, माझ्या मागे बघितलं, नवऱ्याच्या मागे बघितलं, आणि जिन्यात जाऊन खाली वाकून हाक मारली. मग आत येऊन मला काहीतरी विचारलं. चांगलं लांब वाक्य होतं, शेवटी आवाज वर गेलेला. मी तिला जवळ घेतलं. तिने स्वतःला सोडवून घेतलं आणि तोच प्रश्न सासूबाईंना विचारला. मग नवऱ्याला. मग भेटायला आलेल्या शेजारणींना एकेक करून. त्या पदर डोळ्यांना लावत होत्या आणि ती प्रत्येकीच्या गुडघ्याशी उभी राहून विचारत होती.

पुढचे काही आठवडे ती बोलत राहिली. खेळताना ती आपलं वाक्य म्हणायची आणि थांबायची. उत्तराला लागेल तेवढी जागा सोडायची. मग पुढचं वाक्य. मी भांडी घासताना ऐकायचे, आणि ती थांबली की माझेही हात थांबायचे. मी मधल्या जागेत काहीतरी बोलून बघितलं. "हो का? मग काय झालं?" असं. ती माझ्याकडे चमकून बघायची आणि बंद व्हायची. माझं बोलणं तिच्या हिशेबी उत्तर नव्हतं.

हळूहळू मधली जागा लांबत गेली. एक वाक्य बोलली की ती खूप वेळ वाट बघायची. मग वाक्यं तुटली, नुसते शब्द राहिले. दिवाळीच्या सुमाराला मला जाणवलं की सकाळपासून तिने तोंडच उघडलेलं नाही. पाणी हवं असलं तर ती माठाकडे बोट दाखवत होती. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी ती दारात अडखळून पडली, ओठ फुटून रक्त आलं, आणि ती रडली ती सुद्धा आवाज न काढता. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज नाही. सासूबाई घाबरून देवासमोर जाऊन बसल्या.

टेपची कल्पना नवऱ्याची. मला न विचारता त्याने एका रविवारी सकाळी टू-इन-वन खाली जमिनीवर ठेवला आणि कॅसेट लावली. मी आंघोळ करून बाहेर आले तर घरात दोघींचे आवाज. मी भिंतीला धरून उभी राहिले.

धाकटी खिडकीपाशी होती. ती गर्रकन वळली, टू-इन-वनच्या समोर जाऊन उकिडवी बसली आणि बोलायला लागली. घडाघडा बोलायला लागली. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर पडावं तशी. टेपमध्ये दोघींचं बोलणं होतं. त्यात हिचं स्वतःचंही होतं. तिच्या प्रश्नाला तिकडून उत्तर यायचं ते जुन्याच कुठल्या प्रश्नाचं, बाहुलीबद्दलचं. ती गोंधळली. पुन्हा विचारलं, मोठ्याने. तिकडून थोरली हसली, आणि हसून हसून उचकी लागल्याचा आवाज आला. तेव्हा धाकटी उठून टू-इन-वनच्या मागे गेली. मागे भिंत होती. तिने तो पुढे ओढला, उलटा केला, कॅसेटच्या झाकणात नखं घातली.

"बंद करा," मी म्हणाले. "अहो, बंद करा ते."

नवऱ्याने बटण दाबलं आणि ती किंचाळली. तिचं ते किंचाळणं खालच्या मजल्यापर्यंत गेलं. लोक वर आले. आम्ही दार उघडलं नाही.

त्यानंतर तिने पूर्ण तोंड मिटलं. नवऱ्याने कॅसेट कुठे ठेवली ते मी विचारलं नाही. खूप वर्षांनी घर बदलताना सापडली, तेव्हा तिच्यावर बुरशी चढली होती, फीत चिकटून गेली होती.

सासूबाई त्या हिवाळ्यात गावी परत गेल्या. त्यांना ते घर सोसेना. जाताना म्हणाल्या, "पोरीला वाचा आली तर देवीला चांदीची जीभ वाहीन असं बोलल्येय मी." गावाहून त्या शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करायच्या आणि पहिला प्रश्न तोच असायचा, "काय बोलली का गो?"

थोरली आजारी पडल्यापासून घेतलेली माझी रजा संपली होती. ऑफिसातल्या शिपाईमामांनी मुलीला दिवसभर ठेवायला त्यांच्या ओळखीचं तळवलीतलं एक घर सांगितलं. रस्त्यालगतचं जुनं गाव, माझी बेलापूरची बस तिथूनच जायची. घरातली मावशी पन्नाशीची, जमीन सिडकोत गेलेली, मुलगे कंपनीत कंत्राटावर. घरामागे तिची शेरडं होती आणि ती तेवढ्यात गुंतलेली असायची. सकाळी मी मुलीला तिच्या ओट्यावर सोडायचे आणि संध्याकाळी उतरून घेऊन यायचे. मावशी प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. वेळेवर जेवायला घालायची, पोरीला रस्त्यावर जाऊ द्यायची नाही, आणि तिच्याशी फारसं बोलायची नाही.

"मुकी हाय का?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"नाही. बोलायची आधी."

"बरं," ती म्हणाली आणि गवताचा भारा उचलून मागे गेली.

माझी बस बऱ्याचदा अशा वेळी पोचायची की शेरडं खाडीकडून चरून परत येत असायची. करडं लहान म्हणून घरीच, एका खोपीत फळी लावून कोंडलेली. दिवसभर ती गप्प असत. कळप वळणावर आला की आतून एकदम गलका व्हायचा. तिकडून शेळ्या ओरडायच्या. इतक्या आवाजांत आपलं कोणतं हे त्यांना कसं कळत होतं कोण जाणे, पण फळी काढली की प्रत्येक करडू धावत नेमकं आपल्याच आईच्या पोटाखाली शिरायचं. चुकून दुसरीकडे गेलं तर ती शेळी ढुशी द्यायची. माझी मुलगी त्या वेळी खोपीच्या दारात बसलेली असायची, फळीच्या फटीला डोळा लावून. तिला उठवून न्यायला मला रोज ओढाताण करावी लागायची.

एका शेळीने पिल्लं दिल्यावर अंग टाकलं, म्हणजे तिची पिशवी बाहेर आली, आणि ती मेली. तिचं एक करडू जगलं. मावशी त्याला बाटलीने दूध पाजायची. ते करडू संध्याकाळी इतरांबरोबर ओरडायचं, आणि त्याला कुणीच उत्तर द्यायचं नाही. सगळी आपापल्या आईला बिलगली की ते मध्ये उभं राहून ओरडत राहायचं.

मार्चच्या सुमाराला एक दिवस मी बसमधून उतरून आले तर मावशी रस्त्यावरच उभी होती.

"बाय, तुजी पोर आज आवाज काढते," ती म्हणाली. "पन बोलत नाय. तूच ये नि बघ."

मी मागे गेले. ते करडू ओरडत होतं आणि माझी मुलगी, दोन्ही हात जमिनीला टेकून, त्याच्याकडे तोंड करून उत्तर देत होती. "म्हॅऽ" म्हणायची आणि थांबायची. ते ओरडायचं. मग ही. हुबेहूब तसं. इतक्या महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकत होते आणि तो माणसाचा नव्हता. आनंदाने रडू आलं की भीतीने, हे मला आजही सांगता येणार नाही.

घरी आल्यावरही तिचं ते चालू राहिलं. पाणी हवं, म्हॅ. पडली, म्हॅ. दारावरची बेल वाजली, म्हॅ. शेजारची मुलं हसायला लागली. सोसायटीच्या आवारात तिला बघितलं की ती मुलं आधी ओरडायची आणि ही उत्तर द्यायची, खुशीत. तिला वाटायचं, तिच्याशी कुणीतरी बोलतंय.

नवऱ्याला ते सहन झालं नाही. एक दिवस जेवताना ती ताट पुढे करून ओरडली आणि त्याने ताटावर हात आपटला. आमटी भिंतीवर उडाली.

"माणसासारखं बोल!" तो ओरडला. "बोलायचं नसेल तर गप्प बस, पण हे नको!"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो उठून बाल्कनीत गेला आणि तिथे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "तिला त्या गावात पाठवू नकोस." मी म्हणाले, मग मी नोकरी सोडू का? तो डबा उचलून ड्यूटीवर गेला. थोरली गेल्यापासून तो तसाही कमीच बोलायला लागला होता. कामापुरतं. भाजी काय आणू, बिल भरलं का.

वाशीच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे चिठ्ठी दिली. बाई वयस्कर होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, चादरीवरच्या हुंकारांपासून. मुलगी त्यांच्या टेबलाखाली शिरून बसली होती. मी लाजत लाजत करडाचं सांगितलं आणि विचारलं, हे तोडायचं कसं?

"तोडू नका," त्या म्हणाल्या. "तिला काय येत नाही असं तुम्हाला वाटतं?"

"बोलता येत नाही."

"बोलता येतं. दोन वर्षं बोललीच ना ती? पण मूल एकट्याने बोलत नाही हो. ते आवाज काढतं, कुणीतरी उत्तर देतं, म्हणून ते पुढचा आवाज काढतं. काही पक्ष्यांची पिल्लं एकटी वाढवली तर मोठी झाल्यावर त्यांना धड गाताही येत नाही. हिला उत्तर देणारी गेली. आता इतक्या महिन्यांनी तिला कुणीतरी उत्तर देणारं सापडलंय. ते करडू आहे, एवढंच."

"मग मी काय करू?"

"तुम्ही उत्तर द्या."

"कसं? तिला माझं बोलणं नकोच असतं."

बाईंनी टेबलाखाली वाकून बघितलं. मग सरळ म्हणाल्या, "ती करते तसंच करा."

मी घरी येऊन खिडक्या लावल्या. बेलापूरच्या ऑफिसात फायलींवर शेरे मारणारी, सोसायटीच्या मीटिंगला जाणारी बाई मी, जमिनीवर हात टेकून बसले आणि माझी मुलगी ओरडली तसं ओरडले. ती दचकली. माझ्याकडे निरखून बघितलं. पुन्हा ओरडली, थोडं लांबवून. मीही लांबवलं. मग तिने छोटंसं केलं, मीही छोटं. ती थांबली की मी, मी थांबले की ती. थोड्या वेळाने ती रांगत जवळ आली आणि माझ्या तोंडात बोट घालून बघायला लागली.

असं आम्ही कित्येक दिवस केलं. ऑफिसातून आल्यावर हातपाय धुवायचे आणि बसायचं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी हळूच फरक करत गेले. "म्हॅ" चं "मा", "मा" चं "मामा", "माम". ती मागोमाग यायची, कधी यायची नाही. कधी आठवडाभर काहीच नाही. नवरा त्या वेळी घरी असला तर चपला घालून खाली निघून जायचा. मी त्याला एकदा म्हणाले, "तुम्ही पण बसा. पूर्वी बसायचात ना." तो म्हणाला, "मला नाही जमणार आता." मी आग्रह केला नाही.

तिचा पहिला शब्द आई नव्हता. एका संध्याकाळी लाइट गेली आणि अंधारात ती स्पष्ट म्हणाली, "गेली." मी हातातली काडेपेटी तशीच धरून उभी राहिले. लाइट जाण्याला तिचा स्वतःचा शब्द होता, गाप्पे, आणि तो तिने वापरला नाही. पुढेही कधी नाही. तिचे जुने शब्द एकेक करून तिच्या तोंडात येतील अशी मला आशा होती. आले ते सगळे आमचे आले. पाणी. दे. नको. चपल. अडखळत, एकेक, मध्ये मोठे खंड पडत. साडेतीन वर्षांची असताना ती दीड वर्षाच्या मुलासारखी बोलत होती. पाच वर्षांची झाली तेव्हा बोलणं वयाच्या जवळ आलं. काही अक्षरं कायमची जड राहिली.

सासूबाईंनी नवस फेडला. नवरा त्यांच्याबरोबर देवळात गेला आणि प्रसाद घेऊन आला. तो मुलीला शाळेत सोडायचा, तिच्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचा, तापात रात्ररात्र तिच्याजवळ बसायचा. तिच्याशी बोलायची वेळ आली की मला हाक मारायचा, "अगं, हिला विचार, दूध हवंय का." ती समोरच असायची. लहान असताना ती त्याच्यासमोर जाऊन काहीबाही सांगायची आणि उत्तराची वाट बघत उभी राहायची. तो तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. पुढे तिने त्याला सांगणं कमी केलं. ह्या बाबतीत मी दोघांपैकी कुणासाठीच काही करू शकले नाही.

पहिलीत असताना एकदा कपाट आवरायला ती माझ्या मदतीला आली. साड्यांच्या खाली एक फोटो होता, दुसऱ्या वाढदिवसाचा, स्टुडिओत काढलेला. तो मी मुद्दाम लपवला नव्हता, पण भिंतीवरही कधी लावला नव्हता. एकसारखे पिवळे फ्रॉक, एकसारखे केस. तिने तो हातात घेतला आणि एकीवर बोट ठेवलं.

"ही मी."

मग दुसरीवर.

"आणि ही पण मी?"

"नाही," मी म्हणाले. "ही तुझी बहीण. तुम्ही दोघी एकदमच जन्माला आलात. ती आजारी पडली आणि वारली. तू लहान होतीस."

तिने बराच वेळ फोटो बघितला. मला वाटलं, आता रडेल. तिचा चेहरा मात्र नुसता विचारात पडलेला होता. तिला काहीही आठवत नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"तिला बोलता येत होतं?" तिने विचारलं.

"हो. खूप बोलायची."

"काय बोलायची?"

मी तोंड उघडलं. मला त्यांचे चार-पाच शब्द अजून येत होते. पण उच्चारले असते तर ते माझ्या तोंडून, माझ्या आवाजात आले असते, आणि त्यांचा नीट उच्चार मला कधीच जमला नव्हता.

"तुझ्याशी बोलायची," मी म्हणाले. "आम्हाला कळायचं नाही."

ती "अच्छा" म्हणाली. मग तिने फोटो साड्यांवर ठेवला आणि खाली खेळायला जाऊ का म्हणून विचारलं. मी म्हणाले, जा.